झटके लेकराला, जाब आईला

(चंद्रपूर-गडचिरोली भागातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बायकांच्या आरोग्याचं शिबिर म्हटलं की आपले विषय ठरलेले असतात. अंगात रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, बाळंतपण, गर्भपिशवीची ऑपरेशनं. आज मी यातल्या कशावरच बोलणार नाही. मी लहान मुलांना येणाऱ्या झटक्यांवर बोलणार आहे. आपल्याकडे त्याला मिरगी म्हणतात, कोणी फिट म्हणतं, कोणी फेफरं. पुस्तकात अपस्मार. आजार मेंदूचा, मुलालाही होतो, मुलीलाही होतो. मग तो बायकांच्या शिबिरात कशाला, असं कोणी विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. झटका लेकराला येतो, पण जाब आईला द्यावा लागतो.

पोर चुलीपाशी पडलं, तेव्हा आई कुठे होती? पोटुशी असताना तिने काय खाल्लं? ग्रहण पाळलं होतं का? तिच्या माहेरी कोणाला होतं का? हे प्रश्न तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहेत. बापाच्या घराण्यात कोणाला होतं का, हे विचारलेलं मी या भागातल्या माझ्या कामाच्या वर्षांत फार कमी वेळा ऐकलं. दवाखान्याची वाटही बहुतेक आईच चालते, मजुरी तिची बुडते, आणि रात्री लेकराशेजारी जागी तीच असते.

धानोरा तालुक्यातल्या एका बाईचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. तिच्या सात वर्षांच्या मुलीला झटके येत होते. दोन वर्षांत तिने दोन पुजारी केले, कोंबडी दिली, बकरा दिला. मग एका खाजगी डॉक्टरकडे सलाइन झालं. मग ती एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथे पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पोरीचे झटके थांबले. गोळ्या संपल्या तसं तिला वाटलं, आजारही संपला. चिठ्ठीवर ‘पुन्हा दाखवा’ असं लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं आणि तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात झटके पुन्हा सुरू झाले, तेव्हा घरचे म्हणाले, दवाखान्याचा काही उपयोग नाही. आणि गावाने ठरवलं की आईतच काहीतरी आहे.

या बाईचं काय चुकलं? ती पुजाऱ्याकडे गेली हे? तसं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण ती दवाखान्यातही गेली होती. औषध लागूही पडलं होतं. वाट तिथून पुढे तुटली. ती कुठे तुटते, ते बघायचं आहे. त्यासाठी तुम्हाला जरा मागे, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेते.

दवाखान्याचं दार कोणासाठी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झटके येणाऱ्या मुलाला घेऊन आईने जायचं कुठे? आपल्याला वाटतं, साहेबाच्या देशात तरी सोय असेल. तिथेही नव्हती. लंडनमध्ये मोठमोठी रुग्णालयं होती, पण लहान मुलांना तिथे सहसा खाट मिळत नसे. चार्ल्स वेस्ट नावाचा डॉक्टर गरिबांच्या घरी जाऊन मुलं तपासत असे. त्याच्या खटपटीतून १८५२ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचं रुग्णालय उघडलं. सुरुवातीला खाटा फक्त दहा. पुढे १८७१ साली याच वेस्टने मुलांच्या मज्जासंस्थेच्या विकारांवर व्याख्यानं दिली.

दुसरी गोष्ट दोन बहिणींची. जोहाना आणि लुईसा चँडलर. त्यांच्या आजीला पक्षाघात झाला. तिची शुश्रूषा करताना त्यांच्या लक्षात आलं की अर्धांग झालेल्या आणि मिरगी असलेल्या माणसांना कोणतंच रुग्णालय नीट ठेवून घेत नाही. ‘बरे न होणारे’ म्हणून त्यांना परत पाठवतात. या बहिणींनी मण्यांचे आणि शिंपल्यांचे दागिने करून विकले आणि पैसे जमवले. मग शहराच्या महापौराला गाठलं, १८५९ साली जाहीर सभा झाली आणि १८६० साली लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये पक्षाघात आणि मिरगीच्या रुग्णांसाठी रुग्णालय सुरू झालं. आज मेंदूच्या आजारांसाठी ते जगभर नावाजलेलं आहे. ते उभं राहिलं ते घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांच्या अनुभवातून. बचत गट चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्याच काळातली तिसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. मिरगीवरचं पहिलं खरोखर लागू पडणारं औषध म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड. १८५७ साली लंडनच्या डॉक्टरांच्या एका सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी त्याची माहिती दिली. हे राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे डॉक्टर. पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या तरुण मुलींना त्यांनी ते दिलं होतं. कशासाठी? तर असे झटके बाईच्या कामवासनेतून येतात आणि हे औषध वासना शमवतं, अशी त्यांची समजूत होती. औषध लागू पडलं आणि पुढची कितीतरी वर्षं वापरलं गेलं. कारण मात्र साफ चूक होतं. आपला पुजारी म्हणतो, बाईला बाहेरची बाधा आहे. राणीचा डॉक्टर म्हणत होता, दोष बाईच्या शरीरातच आहे. दोघांच्याही बोटाची दिशा एकच.

आता त्याच वर्षांतला आपला चांदा बघा. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८५८ साली बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि १८६४ साली नागपूरला वेड्यांचं इस्पितळ निघालं. आजचं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. त्या काळी मिरगीच्या माणसाला वेड्याच्या रांगेत बसवण्याची रीत विलायतेतही होती, इथेही होती. आणि या इस्पितळाची वाट कशी? भटकणाऱ्या माणसाला पोलिसाने धरायचं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, मग आत.

तेव्हा जंगलातल्या आईपुढे पर्याय काय होते ते मनात आणा. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात रेल्वे आली. ती कोळसा न्यायला आली, माणसं दवाखान्यात न्यायला नाही. भामरागडच्या आईला वरोरा म्हणजे परमुलूख. एका बाजूला गावातला पुजारी, जो तिच्या भाषेत बोलतो, तिच्या अंगणात बसतो, रात्रभर लेकराजवळ जागतो. दुसऱ्या बाजूला पोलीस, कचेरी आणि गज. या आईने पुजारी निवडला, तर तिला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

हेमलकशाचा मुलगा

पुढची पायरी आपल्याच जंगलातली आहे. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. वीज नाही, पक्का रस्ता नाही. माडिया लोक बाहेरच्या माणसाला बघून दूर राहायचे, औषध घ्यायला येत नसत. मग हळूहळू येऊ लागले. हे कशामुळे झालं? जे रोगी बरे झाले आणि ज्यांची बातमी गावोगाव पसरली, त्यांत एक मिरगीचा मुलगा होता, भयंकर भाजलेला. आणि दुसरा मेंदूत चढलेल्या हिवतापाने मरायला टेकलेला माणूस.

मला हा योगायोग वाटत नाही. आपल्या भागातला मेंदूचा आजार असाच दिसतो. झटक्यानेही जीव जाऊ शकतो, आणि झटका जिथे येतो तिथेही माणूस मरतो. चुलीवर, शेकोटीत, विहिरीच्या काठावर, बोडीत आंघोळ करताना. म्हणूनच मिरगीचं लेकरू दवाखान्यात भाजलेलं म्हणून येतं. जखमेची नोंद होते, मिरगीची होत नाही. आणि जखम काही आठवड्यांत भरते. मिरगीला मात्र रोज गोळी लागते, वर्षानुवर्षं.

गोळी आहे, मग अडतं कुठे?

गोळी आहे का? आहे. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटोइन १९३८ पासून. त्यानंतरही चांगली औषधं आली. यातली बरीचशी भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तर जणांचे झटके थांबू शकतात. जगात मिरगीची माणसं सुमारे ५ कोटी. गरीब देशांतल्या चारांपैकी तिघांना मात्र उपचार मिळत नाहीत. आपल्या देशातच असे रुग्ण १ कोटीच्या वर असल्याचा अंदाज आहे.

म्हणजे चँडलर बहिणींच्या काळात प्रश्न होता, या लेकराला आत घेणार कोण? आज तो बदलला आहे. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दार उघडलं आहे. पण मिरगी हा दवाखान्याची एक फेरी करून सुटणारा आजार नाही. आपली सगळी व्यवस्था एका फेरीसाठी बांधलेली आहे: ताप आला, या, इंजेक्शन घ्या, जा. या आजाराला तीन-चार-पाच वर्षं एकही दिवस न चुकता गोळी लागते. ती गोळी बाईच्या घरापर्यंत आली नाही, तर दवाखाना कितीही मोठा असो, त्या लेकरासाठी तो नसल्यासारखाच.

हिशोब करून बघा. भामरागड ते गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. गडचिरोली ते नागपूर पुन्हा जवळजवळ तेवढंच. महिन्याच्या गोळ्या आणायला दोन-तीन दिवस मोडतात. मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, त्याआधी मोहफूल, पावसाळ्यात धानाची रोवणी. ऐन कमाईच्या दिवसांत दोन मजुऱ्या कोण सोडणार? एका आईने मला सांगितलं, “ताई, दवाखान्यात जावाले पैसा लागते. पुजारी त गावातच रायते.” यापेक्षा नेमका आढावा मी एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकात वाचलेला नाही. आणि इथे मोठा धोका आहे. मिरगीच्या गोळ्या एकदम बंद केल्या की झटके नुसते परत येत नाहीत, जोराने येतात, कधी लागोपाठ येतात आणि जीव जातो. तेंदूच्या हंगामात गोळी सुटणं ही क्षुल्लक बाब नाही.

दुसरी अडचण भाषेची. मिरगीचं निदान मशीनपेक्षा सांगण्यावर जास्त होतं. झटका डॉक्टरांसमोर येत नाही, आईसमोर येतो. कोणता हात आधी हलला, डोळे कुठे फिरले, तोंड निळं पडलं का, लघवी झाली का, नंतर लेकरू झोपलं का, हे तिने सांगायचं. ते तिला माडियात सांगता येतं, गोंडीत सांगता येतं. समोर मराठीतून, घाईने, ‘बाई, लवकर सांगा’ असं म्हटलं की ती गप्प होते. आणि आपण लिहितो, ‘आई अज्ञानी, माहिती देत नाही.’ निदान तिच्या जिभेवर असतं, ऐकणारा नसतो.

पोरगी असली तर

आता यातला सगळ्यात दुखरा भाग. मुलगा असला की आजार ‘औषध चालू आहे’ एवढ्यावर थांबतो. मुलगी असली की आजार लपवायचा असतो. गावात गोळी घेतली तर आशाला कळेल, आशाला कळलं तर गावाला कळेल, आणि गावाला कळलं तर सोयरीक जुळणार नाही. म्हणून कितीतरी घरांत मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की गोळ्या बंद होतात. तिचं नाव शाळेतून काढतात. लग्नानंतर पहिला झटका सासरी येतो आणि मग ‘फसवून दिली’ म्हणून तिला माहेरी आणून टाकतात.

या बाबतीत कायदासुद्धा आपल्या बाजूने नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडेपणाच्या जोडीला मिरगीचे वारंवार येणारे झटके लग्नाच्या आड आणले. १८६४ ची तीच रांग, वेडा आणि मिरगीवाला शेजारी शेजारी. १९९९ साली पुन्हा दुरुस्ती झाली आणि मिरगी हा शब्द त्या कलमातून काढून टाकला गेला. आज केवळ मिरगी आहे म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न रद्द करता येत नाही. ही गोष्ट गावच्या पंचांना, सासरच्यांना आणि पोलीस पाटलाला आपण मोठ्याने सांगितली पाहिजे. कायदा बदलला आहे, गावात तो पोचलेला नाही.

मुलीच्या औषधाबद्दल तीन गोष्टी गटातल्या प्रत्येकीला ठाऊक हव्यात. एक, व्हॅल्प्रोएट नावाच्या औषधाने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा आणि त्याच्या बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका असतो. वयात आलेल्या मुलीला ते चालू असेल, तर दुसरं औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. विचारणं हा तिचा हक्क आहे. दोन, फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही औषधं चालू असताना माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा लागू पडत नाहीत. गोळी देणाऱ्या नर्सबाईला मिरगीचं औषध चालू असल्याचं सांगायलाच हवं. तीन, दिवस गेले म्हणून मिरगीची गोळी मनाने बंद करायची नाही. झटका आईलाही मारतो आणि पोटातल्या बाळालाही. दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि डॉक्टरांचा सल्ला, हा सरळ रस्ता. मिरगी असलेल्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात. हेही सांगा, कारण हे कोणी सांगत नाही.

पुजाऱ्याशी भांडायचं का?

हा प्रश्न दर शिबिरात येतो. माझं मत असं: लेकराच्या अंगाला हात लावला, तर भांडायचं. नुसता तांदूळ टाकून देवाचं नाव घेत असेल, तर भांडायचं नाही. आईला सांगायचं, पूजा कर, पण गोळी चुकवू नको. काही गावांत पुजाऱ्यालाच आम्ही सांगितलं आहे की तुझ्याकडे झटक्याचं लेकरू आलं की तूच दवाखान्यात पाठव. दोन-तीन जणांनी ते मानलं. ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे, त्याने दिलेला निरोप आपल्या दहा पोस्टरांपेक्षा लवकर पोचतो.

पण जिथे मारहाण आहे, तिथे मवाळ राहायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने बांधणं, काठीने मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, चटके देणं, हे सगळे गुन्हे आहेत. यातले निम्मे प्रकार मी झटक्याच्या मुलांच्या अंगावर पाहिले आहेत. आणि संशयाची गाडी कुठे जाऊन थांबते, हे आपण पाहिलं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायकांनासुद्धा, चौकात बांधून मारलं. ते दलित कुटुंबांतले होते. लेकराच्या आजाराचं खरं कारण कळलं नाही, की गाव ते कारण एखाद्या दुबळ्या घरात शोधतं. म्हणून मिरगीची गोळी हा आमच्या दृष्टीने चेटकीण ठरवण्याच्या विरोधातला कार्यक्रमसुद्धा आहे.

कारणं आपल्या हातातली

झटके का येतात? काहींचं कारण सापडत नाही. पण आपल्या भागातली काही कारणं टाळता येण्यासारखी आहेत. जन्मताच बाळ रडलं नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे एक. डोक्याला मार, हे दुसरं. तिसरं, मेंदूत चढलेला हिवताप. गडचिरोलीत हिवताप काय चीज आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. ताप आणि झटका एकत्र दिसले, तर आशाकडून लगेच रक्त तपासायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना साध्या तापातही आकडी येते, आणि त्यातल्या बहुतेकांना मिरगी नसते. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. चौथं, फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. हा कृमी डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात येतो. पण त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात, आणि न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून मांस न खाणाऱ्यालाही गाठतात. कुठल्या जमातीला नावं ठेवण्याचं यात कारण नाही. संडास, हात धुणं आणि स्वच्छ पाणी, एवढंच.

गावच्या बाईला हे जमेल का, अशी शंका मोठ्या सभांमध्ये घेतात. त्यांना आपल्याच जिल्ह्याचा दाखला द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं, हे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायचं काम दिलं गेलं. जी बाई बाळाचा श्वास सुरू करू शकते, ती मिरगीची गोळी मोजून देऊ शकत नाही?

आपण काय करायचं

झटका आला की काय करायचं, ते आधी सांगते. लेकराजवळची चूल, पाणी, विळा दूर करायचा. त्याला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे. तोंडात चमचा, काडी, बोट काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, लोखंड हुंगवायचं नाही. शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर झटका चालला किंवा लागोपाठ आला, तर लगेच १०८ ला फोन आणि दवाखाना. जवळ मोबाइल असेल तर एकीने झटक्याचं चित्रण करून ठेवायचं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, आणि ज्या आईला मराठी येत नाही, तिचं सांगणं त्यातून पोचतं.

आता मागण्या. पहिली, मिरगीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात कायम हव्यात, आणि निदान झालेल्या रुग्णाला एका वेळी तीन महिन्यांच्या मिळाव्यात, तेंदूच्या आणि पावसाळ्याच्या आधी नक्की. दुसरी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतं. त्यांच्या आजारांच्या यादीत झटके आहेत. त्यांनी नाव लिहून निघून जायचं नाही, त्या मुलाला गोळी सुरू झाली का, हे पुढच्या भेटीत सांगायचं. तिसरी, तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मिरगीची ओपीडी आणि तिथे माडिया-गोंडी बोलणारी एक बाई, पगारावर. चौथी, मिरगी आहे म्हणून कोणत्याही शाळेने, आश्रमशाळेने मूल घरी पाठवायचं नाही. या मागण्या ग्रामसभेत ठराव करून आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. नुसतं निवेदन फायलीत जातं, ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

आणि एक काम आपल्या गटांचं, ज्याला कोणाचीच परवानगी लागत नाही. गावी परत गेलात की पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर एवढंच विचारा: आपल्या गावात झटके येणारं लेकरू कोणाच्या घरी आहे? त्याची गोळी चालू आहे का? बंद असेल तर कधीपासून आणि कशामुळे? पहिल्या बैठकीत कोणी बोलणार नाही. दुसऱ्या बैठकीत कोणीतरी दुसरीच्या घरचं सांगेल. तिसऱ्या बैठकीत एखादी स्वतःच्या मुलीचं सांगेल. ती सांगेल तेव्हा ‘अगंबाई’ म्हणू नका. पुढच्या महिन्यात गोळ्या आणायला तिच्या पाळीला कोण जाईल, ते तिथेच ठरवा. दोन मजुऱ्या एकीच्याच बुडायला नकोत. गावातून चार घरं निघाली, तर चार जणी आळीपाळीने जाऊ शकतात आणि चारही घरच्या गोळ्या आणू शकतात. त्यासाठी आधी दवाखान्यात चारही लेकरांची नोंद करून घ्या, म्हणजे औषध देताना अडवणार नाहीत.

पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावाचा आकडा आणावा. लेकरांची नावं नकोत, आकडाच हवा. किती लेकरं, त्यात मुली किती, आणि गोळी किती जणांची चालू आहे. तो कागद घेऊन आपण सगळ्या मिळून जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटू.